विजूच्या पुडीतलं दगडफूल

सोलापूर
ज्येष्ठ महिना, १९७४

प्रिय विजू,

तुझ्या गालावरनं हात फिरवून आजी लिहिती. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं तुझ्या आईनं वाचून दाखवलं, दुसरं मी एकटीनंच अक्षर लावून वाचलं, त्यात अख्खी दुपार गेली. दुसरी यत्ता शिकलेल्या बाईची नात तीन वर्षं हिमालयात दगडावरचं नवं दगडफूल शोधती, हे मी नळावर इतकं सांगितलं की आता मला बघून बायका घागरी उचलून चालायला लागतात. रुद्रप्पा दुकानदार म्हणतो, आजी, दगडफूल माझ्याकडं पोत्यानं हाय, पोरीला एवढं वर कशाला चढवलं. मी म्हणलं, तुझं आमटीत जातं, माझ्या नातीचं पुस्तकात जाणार हाय.

तर तू लिहितीस, दगडफुलाची पुडी रजिस्टरनं लगेच पाठव. नवं नाव द्यायचं तर तो तुकडा संग्रहालयात ठेवावा लागतो, नुसतं लिहिलेलं धरत न्हाईत. तो कडा सडकेसाठी सुरुंग लावून पाडला, दुसरीकडं कुटं ते मिळालं न्हाय. आणि तुला शिकवणारे साहेब विचारतात, खरंच मिळालं होतं का.

दिवाळीत पुडी माझ्या हातात देऊन म्हणालीस, आजी, ओल लागू देऊ नको, किडा लागू देऊ नको. आपल्या घरात अशी जागा एकच, मसाल्याच्या डब्यात, हिंगाच्या खड्याशेजारी. तुझ्या आईच्या कपाटात झुरळं हायेत, तितं मी मीठसुद्धा ठेवणार न्हाय.

मग चैत्रात तुझंच पत्र आलं, मेसचं जेवण गिळवत न्हाय, घरचा मसाला पाठव. मला लई हुरूप आला. मिरच्या वाळवल्या, खोबरं भाजलं आणि डब्यातल्या पुड्या एकेक सोडून कढईत तेलावर टाकत गेले. तुझी पुडी सोडली तवा वाटलं, हे वेगळंच दिसतंय. वरनं राखाडी, खालनं काळंभोर, कडेला हळदीसारखी पिवळी रेघ, मधी मोहरीएवढे तांबडे ठिपके. चिकटलेली खडी मी नखानं काढली, बाजारच्यात पण असतीच. वास घेतला तर वासच न्हाय. जुनं झालं असंल म्हणून सगळंच घातलं. पुडीचा कागद चुलीत घातला.

मसाला झकास झाला, साहेबांनी पण मागून खाल्ला, असं तू कळवलंस. ते मी शेजारीपाजारी सांगत फिरले.

पुडी मागणारं पहिलं पत्र आलं तवा डबा उघडला, हिंगाशेजारची जागा रिकामी, आणि कढईत काय गेलं ते तवा ध्यानात आलं. तुझ्या आईला सांगितलं, पुडी टपालात टाकली. महिना झाला, ती रोज विचारती, विजूला मिळाली का. तुझी तीन वर्षं मी कढईत परतली, विजू.

माफ कर म्हणायला हे लिहिलं न्हाय, तेवढं तोंड मला उरलेलं न्हाय. हे पत्र तू साहेबांच्या पुढ्यात ठेव. ते दगडफूल होतं, मी ते शेवटचं बघितलं, कसं होतं ते वर लिहिलंय, त्यात एक अक्षर खोटं न्हाय. खाली सही करून शेजारी अंगठा पण उठवलाय. माझं लिहिलेलं ते धरणार न्हाईत, मला कळतंय. पण एवढं त्यांना सांग, पोरगी खोटं बोलत न्हवती, आजी अडाणी होती.

तुझीच,
सारजाआजी