संसदेत हाताची घडी

तीर्थस्वरूप वहिनींना,

नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण बसमधून उतरल्यापासून कंबर वाकायचं नाव घेत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला? (त्याला हे वाचून दाखवू नका, उबळ येईल.) मी बरी आहे, म्हणजे जिवंत आहे.

दहावीची सहल राजधानीला न्यायची अवदसा मलाच आठवली. निवृत्तीला एक वर्ष राहिलं, पोरांना एकदा संसद दाखवावी, नागरिकशास्त्राचं पुस्तक कशाबद्दल आहे ते तरी त्यांना कळेल, एवढीच माझी हौस. रस्ताभर त्यांनी जीव नकोसा केला. एकजण खिडकीतून डोकं बाहेर काढतो (आत असलं तरी उपयोग नसतोच), दोघींना बस लागली, आणि जिच्या भरवशावर मी डोळे मिटले ती मॉनिटरच सगळ्यांत मोठ्यानं गात होती. संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद. थोर पुरुषाच्या पुतळ्याला रंग चालला होता म्हणून वरून कापड घातलेलं, आम्ही नुसते त्यांचे बूट पाहून आलो. म्हटलं असो, संसद तर आहे.

आत शिरण्याआधी मी दम दिला, की गॅलरीत जो चकार शब्द काढेल त्याच्या हातात दाखला देईन. आणि काय सांगू वहिनी, पोरं चिडीचूप बसली. खाली मात्र सन्माननीय सदस्य. एक बाकावर चढलेला, दोघं कागद फाडतायत, चौघं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, आणि सभापती बिचारे "बसा, बसा" करून घसा कोरडा करतायत. इतक्या वर्षांची मेली सवय, माझा तळहात कठड्यावर कधी आपटला ते मलाच कळलं नाही. "हाताची घडी, तोंडावर बोट!" मी अशी ओरडले की दारातल्या शिपायाला ठसका लागला.

सभागृह गप्प. तुमची शपथ, पुढच्या बाकावरच्या एका मंत्र्यानं खरोखर घडी घातली. नेमकं कोण ओरडलं ते रक्षकांना कळेना, म्हणून त्यांनी मला अख्ख्या वर्गासकट बाहेर काढलं. मी पायरीवर बसून रडले, पोरं बघत होती. आता संसदेनं शाळेला विचारलंय, गोंधळ घालणारं कोण ते कळवा. मुख्याध्यापक म्हणतात, ओरडणाऱ्या बाईच निघाल्या तर नोकरी गेली समजा. इतकी वर्षं राबून शेवटच्या वर्षी हे. मला आता कशाचीच आशा नाही. कोणाकडे काही मागायचंही नाही असं मी ठरवलं आहे.

तुमची,
हताश नणंद

ता. क. दादा शाळेच्या समितीवर आहे म्हणून आपलं सुचलं. त्यानं नुसतं म्हणावं, पोरांपैकीच कोणीतरी ओरडलं असेल. नाव कोणाचंच घेऊ नये. एवढ्या पोरांत कोण शोधत बसणार?

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच मॉनिटर घरी येऊन गेली. मुख्याध्यापकांनी आज वर्गात विचारलं, कोण ओरडलं? अख्खा वर्ग उभा राहिला, "मी." वर्षभरात या वर्गाकडून एकदाही एका सुरात उत्तर आलं नव्हतं, आलं ते हे. आता कोणालाच परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणे. गाढवं आहेत वहिनी, गाढवं. दादाला काही बोलू नका. सोमवारी सकाळी मी जाऊन खरं सांगणार आहे. तुम्ही तेवढ्या या. आत येऊ नका, ऑफिसच्या दारात उभ्या राहा, म्हणजे मला पळून जाता येणार नाही.