कोंबड्याचा मिटलेला डोळा

दादा,

हे पत्र तुझ्या हाती पडलं तर तुला आयता पुरावा मिळेल, म्हणून मी ते पाठवणार नाही.

आपल्या बूटपॉलिशच्या डबीवरचा कोंबडा मीच काढला, असं प्रतिज्ञापत्र देऊन मी ट्रेडमार्क माझ्या नावावर केला. त्याचा डोळा मिटलेला का, असं माझ्या वकिलांनी विचारलं तेव्हा ठोकून दिलं, "पॉलिशच्या चकाकीनं डोळे दिपलेत त्याचे!" खरं कारण मला ठाऊक होतं. बाबांच्या टेबलाखाली बसून तू वैतागून म्हणाला होतास, "चिमे, उघडा डोळा मला जमतच नाही गं."

पण तू घर सोडून गेलास, आणि पंधरा वर्षं दुकानांचे उंबरे मी झिजवले. तेव्हा कुठे होता रे तुझा कोंबडा?

आता तुझ्या वकिलाची मागणी मान्य झालीय. उद्या नोंदणी कार्यालयात साहेबांसमोर आपण दोघांनी कोंबडा काढून दाखवायचा. आठवडाभर मी सराव करतेय. तुरा जमतो, पिसं जमतात. मिटलेला डोळा काढायला गेले की मात्र कोंबडा मेलेला दिसतो.

तुझा नुसता झोपलेला वाटतो रे.

तुझीच,
चिमी