काकींच्या सांजीचं रेकॉर्डिंग

१९ ऑगस्ट २००६, शनिवार. जुन्नर.
पर्युषणासाठी पुण्याहून सुट्टी काढून आले. काकी यंदा अठ्ठाई करणार. साठाव्या वर्षी, पहिल्यांदाच. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. त्यांची टीना हुबळीहून येऊ शकत नाही. दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. आईच्या तपाला लेक नाही, हे काकींना लागलं आहे. पुढच्या रविवारी सांजीला बायका जमून तपाची गाणी म्हणतील, ती रेकॉर्ड करून टीनाला सीडी पाठवायची. काम मी घेतलं. दुसऱ्या कुणी गोंधळ घातला असता.

२० ऑगस्ट.
घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून मोफत मिळणारं लिनक्स टाकलं. विंडोजची कॉपी चोरीची होती. धर्माचं काम चोरीच्या वस्तूवर नको. (लिनक्सवर रेकॉर्डिंग मला करून बघायचंच होतं. पण पहिलं कारणही खरं आहे.) काकींच्या कल्पेशला विचारायचं राहिलं. त्याचा पत्त्यांचा गेम गेला. जेवताना तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या आईसाठीच चाललंय, हे त्याला नंतर कळेल.

२१ ऑगस्ट.
आवाज नाही. यात बिघाड काही नाही. नवीन लिनक्समध्ये आवाजाच्या मिक्सरची सगळी बटणं मुळात बंदच असतात, एकेक उघडावी लागतात. नवशिक्या माणसाला वाटतं मशीन खराब झालं. मला तसं वाटलं नाही. फक्त कुठलं बटण कशाचं, हे शोधण्यात दिवस गेला.
कल्पेश आज बोलला: "ताई, आई उपासाला बसली आणि तुझा कॉम्प्युटर मौनाला."
हसले नाही.

२२ ऑगस्ट.
आवाज आला. माइक आणि स्पीकर एकदम उघडे राहिल्यामुळे कर्कश शिट्टीही आली. काकींच्या हातातला पाण्याचा पेला हलला. वाईट वाटलं. उपाय लगेच केला: मशीन सुरू होताना माइक बंदच राहील, हे डीफॉल्ट.
स्क्रीनवरच्या आवाजाच्या पट्ट्या बघून काकींनी विचारलं, हे हिरवं-तांबडं काय उड्या मारतंय, काही जळतंय का. पट्ट्याही लपवल्या. आता स्क्रीनवर रेकॉर्डिंगचं एकच गोल बटण. वापरणाऱ्याला काही कळायची गरजच पडू नये, हे माझं तत्त्व.
उद्या: गोल बटण दाबलं की माइक आपोआप उघडेल, अशी सोय करणे.

२४ ऑगस्ट.
सोय झाली नाही. सकाळी महाराजांचं व्याख्यान, दुपारी लोडशेडिंग. मधल्या वेळात नवशिक्यांसाठी आवाजाची डीफॉल्ट जुळणी कशी असावी, यावर लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टसाठी लेख लिहिला. चांगला झालाय.
माइक हाताने उघडून चाचणी घेतली. काकी एक ओळ गायल्या. स्वतःचा आवाज ऐकायला स्पीकरजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "मला माझी आईच गातीय असं वाटलं गं. टीनाला असंच ऐकू जाईल ना?"
हो म्हटलं. कुणीही मशीनला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

२७ ऑगस्ट, रविवार.
सांजी झाली. दुपारी लाइट गेली होती. मी परसात होते, आत आले तेव्हा मशीन चालू होतं. बायका जमल्यावर गोल बटण दाबलं. काकींचा आवाज अगदी बारीक झालाय. तरी शेवटचं गाणं एकट्याच गायल्या, आणि त्यात टीनाचं नाव गुंफलं. सगळ्या बायका रडल्या. मी रडले नाही, माझं लक्ष स्क्रीनवर होतं. पट्ट्या नाहीत, गडबड नाही. मला हवी होती तशीच स्क्रीन.
लगेच ऐकून बघायला हवं होतं. पण न जेवलेल्या बाईला पुन्हा गायला लावायची वेळ आली असती, तर ते बरं दिसलं नसतं.

२८ ऑगस्ट, सोमवार. संवत्सरी. सकाळ.
फाइल ऐकली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शांतता. खरखरसुद्धा नाही.
कारण उघड आहे. लाइट गेली, मशीन नव्याने सुरू झालं, माइक बंद राहिला. मशीननं सांगितलं तेच केलं. सांगणारी मी होते, हा भाग वेगळा.
घरात सांगितलं, तांत्रिक अडचण आली. हे वाक्य अचूक आहे.

संध्याकाळ.
प्रतिक्रमण झालं, मग सगळ्यांचं एकमेकांकडे क्षमा मागणं सुरू झालं. काकी भिंतीला धरत माझ्यापर्यंत आल्या. माझ्यापुढे हात जोडले.
"सिद्धी, काल लाइट आल्यावर मशीनचं बटण मीच दाबलं. तू नको म्हणाली व्हतीस. माझ्यापायी टीनाचं गाणं गेलं. मिच्छामि दुक्कडम्."
यावर तेच शब्द उलट म्हणायचे असतात. मी म्हटले. इतक्या मनापासून आजवर कधी म्हटले नव्हते. त्यांना ती रीत वाटली. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या कल्पेशकडे वळल्या.
म्हणजे माफी मागून झाली आहे. तांत्रिकदृष्ट्या.

२९ ऑगस्ट.
पारणं. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा लेकीच्या हातचा घ्यायचा, असं काकींच्या मनात होतं. त्यांनी मला पुढे बोलावलं. म्हणाल्या, हिनं टीनासाठी लई खटपट केली. सगळे बाजूला झाले. चमचा हातात घेऊन मी सांगितलं, "काकी, बटणाचं काही नव्हतं. माइक बंद मीच ठेवला होता."
कल्पेशनं माझ्याकडे पाहिलं. काकींनी पाहिलं नाही.
"झालं ना काल खमतखामणा? आता नको उकरू. पाणी दे, जीव कासावीस झालाय."
दिलं. थोडं त्यांच्या पदरावर सांडलं.
तेवढ्यात टीनाचा फोन. काकींना बोलवत नव्हतं, म्हणून रिसीव्हर माझ्याकडे आला.
टीनानं पहिलं हेच विचारलं, "आई गायली का गं?"
"गायली," मी म्हटलं.
"कुठलं गायली?"
त्या वेळी माझं लक्ष स्क्रीनवर होतं. रिसीव्हर खाली ठेवला. घरात सांगितलं, लाइन कट झाली.