आठवं अंग संपावर

ती. दादास,

धाकट्याचा सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण आठवं अंग, म्हणजे उजवा खांदा, संपावर गेलाय आणि बोलणी फिसकटली आहेत.) तुझं बीपी, वहिनींचे गुडघे, मुलांच्या परीक्षा, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. नसेल तर इतक्यात कळवू नकोस. दुसऱ्यांची दुखणी ठेवायला सध्या माझ्याकडे जागा नाही.

फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "जरा आखडलाय" म्हणून वेळ मारून नेली. हे जरा नव्हे रे. आधी वाटलं, उशी वाकडी झाली असेल. मग शर्टाच्या बाहीत हात घालताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. त्या कुशीवर झोपणं बंद झालं, आणि एकदा पाठ खाजवायला हात मागे नेला तो कमरेपाशीच अडला. (पाठ खाजवायला घरात माणूस हवं म्हणून लग्न करावं, असं तू मला पूर्वी सांगायचास. तेव्हा मी हसायचो.) शेवटी डॉक्टरकडे गेलो. मला हात उचलता येईना हे सोड, त्यांनी धरून उचलला तरी तो तिथल्या तिथेच. म्हणाले, हा फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आवळून बसतं. साखरेचा आजार असणाऱ्यांना जास्त होतं म्हणे. आधी दुखतं, मग आखडतं, मग हळूहळू सुटतं. हळूहळू म्हणजे किती, तर वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. मी म्हटलं, साहेब, मला महिनाअखेरीला हवाय. ते मनापासून हसले. त्यांना काय ठाऊक, महिनाअखेरीला आपण आईला वृद्धांच्या संस्थेत हलवतोय, आणि हलवतोय ते याच खांद्यापायी.

त्याबद्दल तुला दोष देत नाही. (थोडा देतो.) आईला पलंगावरून खुर्चीत घेणं मला झेपत नाही असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ताईने सासूबाईंचं कारण देऊन हात वर केले, तू बदलीचं देऊन केलेस. आपल्या तिघांत मीच एक करंटा, ज्याला हात वर करायची सोयच उरलेली नाही. मग संस्थेचं ठरलं, आणि मी "हो" म्हणालो. तोंडाला काही आखडलेलं नव्हतं ना!

दुकानाचं म्हणशील तर हात छातीच्या वर जात नाही, म्हणून उंच गिऱ्हाईकांना लहान मुलांच्या स्टुलावर बसवून केस कापतो. एका रिटायर्ड हेडक्लार्कांचे गुडघे कानाला लागले. ते म्हणाले, पुढच्या वेळी जमिनीत खड्डाच खणून ठेवा. टक्कल पडलेल्यांवर माझा सध्या फार जीव आहे. त्यांचं कानांच्या आसपासच काय ते काम.

व्यायाम शिकवायला एक बाई आहेत, त्यांना मी व्यायामताई म्हणतो. आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं, मग टेबलाला धरून वाकायचं आणि दुखरा हात नुसता लोंबता सोडून हळू झुलवायचा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, दुखायला लागेल तिथपर्यंतच, पुढे नाही. पण मला घाई. मनात म्हटलं, महिनाअखेरीच्या आत खांदा सुटला तर संस्थेला नको म्हणून कळवू. म्हणून चोरून दाराच्या चौकटीला धरून लोंबकळलो. हात सुटला, पण चौकटीवरून! त्यानंतर आठवडाभर साधा कंगवा धरवेना. व्यायामताईंनी फैलावर घेतलं. म्हणाल्या, हात बांधून बसायचं नाही, पण खांद्याशी कुस्तीही खेळायची नाही, त्याची समजूत काढायची. मी म्हटलं, आमच्या घरात समजूत माझीच काढतात सगळे, मला सवय आहे.

आता आईचं. माझी व्यायामाची भिंत तिच्या पलंगासमोरच्या खिडकीला लागून आहे. पहिल्या दिवशी माझी बोटं भिंत चढायला लागली, आणि ती पलंगावरून ओरडली, "हात सरळ वर! अर्धा हात वर करणाऱ्याला उत्तर येत नसतं!" तिचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, तू जाणतोसच. मी पोट धरून हसलो. रोज तेच चाललं. एकीकडे व्यायामताई म्हणणार, सावकाश, आणि दुसरीकडे आई म्हणणार, खांद्याच्या वर दिसला पाहिजे. कधी पाढे विचारते, कधी विरुद्धार्थी शब्द. चुकलो की पुन्हा विचारते. मला वाटायचं, म्हातारी मजेत आहे, लटकं रागावतेय.

एकदा मीही विद्यार्थी होऊन तिला सहज विचारलं, बाई, मी कोण ते सांगा बघू. तिने बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "खिडकीवाला. अभ्यासात बेताचा, पण त्रास नाही." तेव्हा कळलं, की ती लटकं काहीच करत नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. स्वच्छ होती तीसुद्धा घासली. रडलो, दादा, तुझ्यापासून काय लपवायचं.

गेल्या आठवड्यात तिला खुर्चीत घेताना हात मध्येच अडला आणि आम्ही दोघं खाली बसलो. तिला लागलं नाही, शपथ. शेजारचा वायरमन येईपर्यंत तसेच जमिनीवर होतो. माझा चेहरा पाहून तिने माझा खांदा चोळला, नेमका दुखरा, आणि विचारलं, "कुणी मारलं रे तुला?" त्या दिवशी मला पटलं, की तिला हलवायलाच हवं. पुन्हा पडली तर दर वेळी नशीब साथ देईलच असं नाही. पटलं म्हणून बरं वाटतं असं मात्र नाही.

बरं, पुरे. लिहायला खांदा लागत नाही, कोपर टेबलावर टेकलं की भागतं, म्हणून एवढं पाल्हाळ लागलं. वहिनींना नमस्कार, मुलांचे गालगुच्चे. (डाव्या हाताने.)

तुझा
धाकटा

ता. क. मलम पाठवू नकोस. ताईने पाठवलेल्या मलमाने खांद्याला काही फरक पडला नाही, गिऱ्हाईकं मात्र शिंकतात, आणि वस्तरा हातात असताना ते बरं नव्हे.

आणखी एक ता. क. आईला न्यायच्या आधी एक दिवस येऊन जा. उचलायला नको, संस्थेची माणसं उचलणार आहेत. तुझा आवाज ती फोनवर अजून ओळखते. "माझा मुलगा" म्हणते, आणि तिच्या हिशेबी मुलगा एकच. तर तू तिच्याजवळ बस, मी खिडकीपाशी उभा राहीन, आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला एवढंच सांग, की आई, हा माझा धाकटा भाऊ. तुझं ती ऐकेल. मी स्वतः सांगून पाहिलं. म्हणाली, "खोटं बोलू नये बाळा. शाळा सुटली, घरी जा आता. तुझी आई वाट बघत असेल."