चांदी बकरीचं शेवटचं पान

५ जुलै, शनिवार

एकवीस वह्या तपासल्या आणि एकवीस वेळा तेच वाक्य वाचलं — 'या गोष्टीवरून मला असा बोध मिळतो की...' डोकं उठलं!

गोष्ट विसराळू शिंप्याची होती. ऐकताना गोपाल हसून हसून बाकावरून खाली पडला. त्याच्या वहीत काय? 'आपण विसराळू होऊ नये.' विचारलं, "काऊन रे, एवढा हसलास ते का नाही लिहिलं?" तर म्हणतो, "हासणं लिवलं तं मार्क भेटते का, मॅडम?"

आम्हीच शिकवलं त्यांना हे. पाचवीपर्यंत येता येता पोरं पक्की होतात.

बाविसावी वही कोरी. छकुलीची. "काहीच आवडलं नाही का?" म्हटलं. "नाही." बस, एवढंच. खरं सांगायचं तर दिवसभरातलं तेवढंच एक खरं उत्तर.

ठरलं. पुढच्या शनिवारपासून बोध बंद. जो लिहील त्यानं वर्गासमोर गाणं म्हणायचं.

७ जुलै, सोमवार

तायडे सरांनी बोलावलं. मुख्याध्यापक म्हणून माणूस वाईट नाही, पण पुस्तकांचं कपाट म्हणजे त्यांना तिजोरीच वाटते. शनिवारचा वाचनाचा तास शिष्यवृत्तीच्या सरावाला हवाय म्हणे. "पोरं बोलतच नाहीत पुस्तकांवर, मॅडम. मग कशाला तो तास?"

एक महिना मागून घेतला. कपाटाची चावीही घेतली. "पुस्तकं फाटली तर उत्तर कोण देईल?" — मी देईन, म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आता निघालंच आहे तर निभावायचं.

१२ जुलै, शनिवार

तिघांनी गाणी म्हटली. गोपालनं तर मुद्दाम बोध लिहिला, त्याला गायचंच होतं. लबाड!

कपाटात सगळे राजे आणि राजपुत्र. शेवटी घरून एक पुस्तक नेऊन ठेवलं. 'चांदी बकरी'. मीच लिहिलेलं. वीस वर्षांपूर्वीचं, वर माहेरचं नाव, इथे कुणाला माहीत नाही. पलंगाखाली गठ्ठा पडून आहे अजून. चाळलं तर शेवटच्या पानावर काय? तात्पर्य! ठळक अक्षरात! आता कोणत्या तोंडानं बंदी घालू पोरांवर?

१४ जुलै, सोमवार

धीर करून वाचलं वर्गात. बाजारात विकलेली चांदी दावं तोडून, नदी ओलांडून एकटी घरी येते, पोरगी तिच्या गळ्यात पडते. संपलं. तात्पर्य गाळलं.

धम्मरत्न लगेच उठला, "बकरीले इतक्या दूरची वाट कशी सापडली?" गोपाल म्हणे, "अन् घेणारा सोडते का तिले? दुसऱ्या दिवशी येईन ना न्याले!" मग जो गोंगाट झाला! बाकावर चढून भांडत होती पोरं. हेच तर हवं होतं मला. तरी आतून झोंबलंच. खरं बोला, खरं बोला म्हणून पोरांच्या मागे लागायचं आणि आपल्यावर आलं की नाक फुगवायचं! वा, मॅडम!

छकुली बोलली नाही. तास संपल्यावर हळूच म्हणाली, "घरी नेऊ का?"

१९ जुलै, शनिवार

छकुलीनं पुस्तक आणलं नाही. "डिंपल सोडत नाही, मॅडम. रोज वाचाले लावते." डिंपल तिची लहान बहीण, अंगणवाडीत जाते.

रोज! मी नुसती मिरवत घरी आले. भाजीत मीठ दोनदा पडलं.

२२ जुलै, मंगळवार

पुस्तक आलं. शेवटचं पान नाही. ब्लेडनं कापल्यासारखं, शिवणीपासून साफ.

तायडे सरांनी पाहिलंच. "सांगत होतो ना? उद्यापासून कुलूप." चावीही परत घेतली. छकुलीला सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. ती हनुवटी छातीला लावून उभी. डोळ्यांत पाणी नाही.

मीही ओरडले तिच्यावर, आणि पुस्तक शाळेचं म्हणून नाही. माझं म्हणून ओरडले. लाज वाटते आहे.

२३ जुलै, बुधवार

शाळा सुटल्यावर छकुली मागे थांबली. वहीच्या कव्हरातून पान काढलं, चार घड्या घातलेलं. "फेकलं नाही म्या. ठेवलं हाय."

मग बोलली. एका दमात. "आमची बकरी इकली बाबानं. डिंपल रोज सांजेले फाटकात बसून राह्यते. म्हणते, पुस्तकातली आली तं आपली बी येईन. आवाज देला तरी उठत नाही, जेवत नाही. म्हणून म्या पान काढलं. आता बकरी जाते, पोरगी रडते, अन् गोष्ट सरते. डिंपल बी लय रडली. मंग जेवली."

तिला जवळ घेतलं. सुधारायला घेतलेल्या एकवीस वह्या एकीकडे आणि ही कोरी वही एकीकडे. माझ्या पुस्तकानं एक लेकरू उपाशी दारात बसवलं, आणि मी मिरवत होते!

२४ जुलै, गुरुवार

पान घेऊन सरळ तायडे सरांकडे गेले. सगळं सांगितलं, पुस्तक कुणाचं ते सोडून. "पोरं बोलत नाहीत म्हणत होता ना? ही बोलली." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पान दोनदा वाचलं. "आपण लहानपणी ऐकलं असतं तर बसलोच असतो फाटकात," म्हणाले. चावी माझ्यासमोर ठेवली. शनिवारचा तास राहिला.

मग मी वर्गासमोर छकुलीची माफी मागितली. ती लाजली. मग विचारते, "ज्या बाईनं हे लिवलं तिले चिठ्ठी धाडू का?" लिही, म्हटलं. मी पोचवते.

२६ जुलै, शनिवार

चिठ्ठी दिली. एकच ओळ — 'बाई, तुमची बकरी खरंच वापस आली होती का?'

सोमवारी तिला सांगणार. ती बाई मीच. आणि चांदी नाही आली, छकुली. मीही बसायचे फाटकात.