सायकलींवरचं छप्पर

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्हाला माझ्या भीतीबद्दल सांगायला संकोच वाटत नाही. तुम्ही असताना बोलले असते, तर चष्मा पुसत म्हणाला असतात, "भीती वाटतेय तर गणित पुन्हा कर." केलं, बाई. इतक्या वेळा केलं की ते पाठ झालंय. भीती तिथेच आहे.

विद्यापीठाच्या आवारात सायकली ठेवायला छप्पर हवं होतं. वाघोलीकडून बसने येणारी मुलं गेटाशी उतरतात आणि तिथून सायकलने आपापल्या विभागात जातात. सायकली उन्हापावसात गंजत पडलेल्या. काम छोटं होतं, माझ्याकडे आलं. मी मधोमध खांबांची एकच रांग घेतली आणि दोन्ही बाजूंना पत्रा पंखांसारखा बाहेर काढला, म्हणजे सायकल ओढताना हँडल कुठे अडकायला नको. सगळ्यांना आवडलं. मला मात्र पहिल्या रेघेपासून तुमचा आवाज ऐकू येत होता. कॉलेजात असंच एक हलकं छप्पर काढून आणलं होतं मी, तेव्हा भर वर्गात तुम्ही विचारलंत, "छान आहे. मांजा कुठे बांधायचा?"

वर्ग हसला. मी डोळे पुसत बाहेर पडले, आणि तुम्ही मला संध्याकाळी घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात आपण चहा पितोय. ओट्यावर पापडाच्या पिठाचा वास अजून रेंगाळतोय. पापड बाहेर गच्चीवर वाळत आहेत, वर जुनी साडी पांघरलेली, कडांना दगड. अचानक वारा सुटतो. आपण गच्चीवर पोहोचेपर्यंत साडी खालून फुगलेली असते. एक दगड घरंगळतो, आणि बघता बघता साडी कठड्यापलीकडे जाते, पापड सगळीकडे. मी धावायला निघते तर तुम्ही माझा दंड धरता. "पापड राहू देत. हे बघून ठेव. छप्पर अंगावर पडेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते. ते उडेल अशी तुला वाटली पाहिजे."

तेव्हापासून वाटतेय, बाई. म्हणून या वेळी पाया मी हट्टाने खोल घेतला. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, खाली सायकली ठेवायच्यात, हत्ती नाही." मी म्हटलं, "खणा." त्याने खणलं.

या उन्हाळ्यात, छप्पर उभं राहिल्यावर, एका दुपारी मी सहज बघायला गेले होते. आभाळ काळं झालं, धूळ उठली, आणि आवारातली मुलं धावत येऊन छपराखाली उभी राहिली. माझ्या सगळ्या चित्रांत तिथे फक्त सायकली होत्या. पावसात माणसंही तिथेच येणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. गारा सुरू झाल्या. पत्रा थडथडू लागला. मी खांबाला हात लावला, तर खांब थरथरत होता. तो तसा थोडा थरथरणारच, हे मला माहीत आहे. माझ्या हाताला माहीत नव्हतं.

"बाहेर या," मी ओरडले. "सगळे लायब्ररीच्या पोर्चमध्ये चला."

"अहो मॅडम, गारा पडतायत," एक मुलगा हसत म्हणाला.

मी एका मुलीचं मनगट धरून तिला ओढतच बाहेर काढलं. माझा चेहरा बघून की काय, बाकीचेही डोक्यावर बॅगा धरून पळाले. पोर्चमधून आम्ही बघत होतो. समोरच्या झाडाची फांदी तुटून रस्त्यावर आली. छपराची कड उचलली जायची, बसायची, परत उचलली जायची. 

मग वारा पडला. छप्पर जागच्या जागी होतं. नंतर तपासलं, एक बोल्टही ढिला झाला नव्हता.

जिला मी ओढलं होतं तिच्या भुवईवर गार लागून टेंगूळ आलं होतं. मी ओढणीने तिचं कपाळ पुसत होते, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, हे तुम्हीच डिझाइन केलंय ना?"

"हो."

"मग तुमचाच विश्वास नाही?" ती चिडली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ओढणीची ओली कड तिच्या भुवईवर दाबून धरली.

आता विद्यापीठाला प्रत्येक गेटाशी असंच छप्पर हवंय. मी हो म्हटलंय. बोल्ट वाढवलेत, पत्र्याची कड आखूड केलीय, आणि नव्या चित्रात छपराखाली माणसं काढलीत, दाटीने उभी असलेली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी कुणाला सांगितलेली नाही. पोर्चमध्ये, वारा अजून सुरू असताना, त्या मुलीचं टेंगूळ दिसलं, तेव्हा क्षणभर मला वाटलं की छप्पर उडावं. म्हणजे मी ओरडले ते बरोबर ठरलं असतं. लगेच गेला तो विचार. पण आला होता, बाई, आणि वाऱ्यापेक्षा आता मला त्याचीच जास्त भीती वाटते.