आधी पुनमचं ताट

कुरखेडा, ७ जानेवारी २०२४

चि. सौ. पुनम हिस तुझ्या बाबाचे पोटातून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझी सासू स्पीकर लावते आन् अख्खं घर ऐकते, म्हणून आपल्या गावच्या सुकलूच्या हाती चिठ्ठी देऊन राह्यलो. तो माजरीले कामावर परत चालला. तो म्हणे, भाऊ, पोरगी पांढरीफटक पडली, पाण्याचा गुंड भरून आणला का ओट्यावर बसून राह्यते. तेव्हापासून माझ्या घशाखाली भात उतरत नाई. लहानगा पियुष अजून अंगावर पिते आन् तुले पुन्हा पाचवा महिना! इतक्या लवकर काऊन, हे मी जावयाले विचारीन, तुले नाई. नर्सबाईनं अंगात रक्त किती सांगितलं? पोटभर जेवतेस का? मी चौथी नापास माणूस, पण धान निसवताना पाणी तोडलं तर लोंबी पोचट राह्यते, एवढं मले समजते. खरं लिही. तुझी माय जवसाची चटणी पाठवते आहे.

तुझ्यावर जीव लावून बसलेला,
बाबा

माजरी, २१ जानेवारी २०२४

ती. बाबांस पुनमचा शि. सा. न. वि. वि.

रक्त सात आहे. नर्सबाई रागावल्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या सासूबाईंनी कपाटात कुलूप लावून ठेवल्या. गोळीनं मूल मोठं होतं आणि अडतं, असं त्या म्हणतात. त्यांची थोरली लेक बाळंतपणात अडून गेली, बाबा, म्हणून भांडायला जीभ उचलत नाही. मूल लहान राहावं म्हणून मला अर्धपोटी ठेवतात. त्यातही आधी पुरुष, मग सासूबाई, मग मी. तोवर भाजीचं भांडं खरडलेलं असतं. उरलेली भूक चहावर मारते, तर नर्सबाई म्हणाल्या, जेवणावर चहा घेतला की खाल्लेलं अंगी लागत नाही. हे खाणीतून थकून येतात आणि गप्प बसतात. तुम्ही मात्र येऊ नका. तुम्ही ओरडून निघून जाल, मला इथंच राहायचं आहे.

माया आहे तशीच असू द्या.
पुनम

कुरखेडा, २९ जानेवारी २०२४

विहीणबाई शकुबाई यांस मुखरूचा रामराम. वि. वि.

रविवारी येतो. भांडाले नाई, जेवाले. पण आधी पुनमचं ताट वाढा. ती पोटभर जेवल्याशिवाय मी घास घेणार नाई, आन् पाहुणा उपाशी असताना तुमच्या घरी कोणी जेवत नाई, हे मले ठाऊक आहे. तुमच्या ओट्यावर दिवस मावळला तरी चालेल. लोक हसले तर हसू द्या.

बाई, तुमची लेक गेली, ते दुःख लहान नाई. पण बाळंतपणात रक्त जातेच. ज्या अंगात आधीच नाई, ते कशावर तगन? माझी पोरगी मी अशी जाऊ देणार नाई. राग आला तर येऊ द्या.

सोयरिकीचा जिव्हाळा तुटू नये, एवढंच मागणं.
मुखरू

माजरी, ७ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रविवारी हे कामावरून आले, तेही तुमच्यासोबत उपाशी बसले, मग सासूबाईंनी माझं ताट आदळलं. ते तुम्ही पाहिलंच. पुढचं सांगते. सोमवारी पुन्हा पुरुषांचीच पानं मांडली. मी पियुषला मांडीवर घेऊन यांच्या शेजारी बसले आणि ताट मागितलं. सासूबाईंनी विचारलं, आता कोणता पाहुणा उपाशी बसून राह्यला? मी पोटावर हात ठेवला. म्हटलं, हा.

यांनी आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं. मग सासूबाई दुसरं वाढायला लागल्या. डोळे पुसत होत्या. मी थांबले नाही, जेवत राहिले. काल वाढताना म्हणाल्या, अडली तर मग मले नको सांगजो. तरी भाजी दोनदा वाढली.

कपाटाची किल्ली अजून त्यांच्या कमरेला आहे. उद्या नर्सबाईंकडे उपकेंद्रात जाऊन दुसऱ्या गोळ्या आणते आणि त्यांच्या समोरच खाते. हे सोबत येतो म्हणाले आहेत. तुम्ही ओरडायला येऊ नका, बाबा. आता मी ओरडते.

आईला नमस्कार. लेकीची आठवण ठेवा.
पुनम